पोटावरच्या रेघा

गंभीर आजार माणसाला अंतर्मुख करतो. माझ्या मोठ्या भावाच्या पोटात सार्कोमाची, म्हणजे कॅन्सरचीच, गाठ निघाली, तेव्हा दादा आठवडाभर कोणाशी बोलला नाही. नंतर कळलं, दाढ दुखत होती.

गाठ दुर्मीळ होती. त्यामुळे ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत त्याचा मान वाढला. एक चुलते घरी आले, 'तू योद्धा आहेस' असं पंधरा मिनिटं सांगितलं आणि चहा पिऊन गेले. परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तसलं काही सांगितलं नाही. गाठ डाव्या किडनीला चिकटली होती. आधी पाच आठवडे रेडिएशन, मग ऑपरेशन, आणि त्यात गाठीबरोबर ती किडनीही जाणार. गाठ आत असते तोवर आतड्यांना बाजूला रेटून धरते, त्यांना किरण कमी लागतात. म्हणून रेडिएशन आधी.

"याने सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रकारच्या गाठीत होईल, असं आम्हाला वाटतं."

एवढ्या मोठ्या पाटीच्या खोलीत बसून 'वाटतं' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

उजवी किडनी मात्र किरणांपासून जपायची होती. पुढचं सगळं तिच्या एकटीवर. त्यासाठी एका टेक्निशियन मुलीने दादाच्या पोटावर शाईने रेघा आखल्या. रोज त्या रेघांवरून त्याला मशीनखाली नेमकं निजवायचं. "काका, या जाता कामा नयेत. साबण लावायचा नाही."

तीन आठवडे नीट गेले. मग दिवाळी आली. वहिनीने पहाटे दादाला पाटावर बसवलं, अंगभर तेल लावलं आणि दरवर्षीप्रमाणे उटण्याने खसाखसा चोळलं. साबण लावला नाही. तेवढं तिच्या पक्कं लक्षात होतं.

एका दिवसाची सुट्टी संपल्यावर आम्ही गेलो. मुलगी दादाला घेऊन लगेच बाहेर आली.

"काका, रेघा कुठायत?"

"नरकासुराबरोबर गेल्या."

ती हसली नाही. वहिनी उठली. "मीच चोळलं गं. वर्षाचा सण, म्हटलं तेल-उटणं तरी लावू."

"मी सांगत होतो हिला," दादा म्हणाला.

"काय सांगत होतात? पाठ नीट घास, म्हणत होतात!"

"अंदाजाने नाही काढता येणार," मुलगी म्हणाली. "उजव्या किडनीचा प्रश्न आहे."

मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मोजमाप, जुन्या चित्रांशी ताडून पाहणं. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. त्यांना एक रेघ पटली नाही, ती पुसून परत काढली. कोणी ओरडलं नाही, कोणी उपदेश केला नाही. भाषणं करणारी माणसं मी आयुष्यभर ऐकली. दुसऱ्याच्या पोटावरच्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी जेवणाची सुट्टी सोडणारी ही पहिलीच. त्या दिवशी किरण दिलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी दिले. निघताना मुलगी वहिनीला म्हणाली, "काकू, आता पाडव्याला काकांना नुसतं ओवाळा."

रेडिएशन संपल्यावर महिन्याभराने ऑपरेशन झालं. आठ तासांनी सर्जन बाहेर आले.

"गाठ अख्खी निघाली. डावी किडनी काढावी लागली."

वहिनीने डोळे मिटून हात जोडले आणि ते तसेच ठेवून विचारलं, "आणि उजवी?"

"काम करतेय," सर्जन म्हणाले. "पिशवीत तीनशे मिलिलिटर लघवी जमलीय."