पूर्व किनारा देवास, पश्चिम किनारा धार

माझं लग्न अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरून मोडता मोडता राहिलं. मी अमेरिका पाहिलेली नाही. समुद्रकिनारा पाहिला तोही लग्नानंतर, आणि तिथे पहिल्याच लाटेत माझी डाव्या पायाची चप्पल वाहून गेली. पण तो विषय वेगळा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी देवासहून इंदूरला कॉलेजसाठी अप-डाउन करायचो. आमच्या वर्गात देवासची पाच-सहा मुलं होती, धारची तेवढीच. आम्ही पूर्वेकडून बसने यायचो, ते पश्चिमेकडून. कँटीनमध्ये एकत्र बसायचो आणि भांडायचो. भांडायला रोज नवा विषय लागायचा. पोहे कुठले चांगले, बाफले कुठले चांगले, देवासची टेकडी मोठी की धारचा किल्ला मोठा, हे सगळं पहिल्याच वर्षी संपलं. दुसऱ्या वर्षी कोणीतरी एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात लिहिलं होतं की अमेरिकेत रॅप गाणाऱ्यांचे दोन तट आहेत, पूर्व किनाऱ्याचे आणि पश्चिम किनाऱ्याचे, आणि सर्वांत मोठा रॅपर कोण यावरून दोघांत हाडवैर आहे.

झालं! आम्हाला आणखी काय पाहिजे होतं? देवास इंदूरच्या पूर्वेला, म्हणून आम्ही पूर्व किनारा. धार पश्चिमेला, म्हणून ते पश्चिम किनारा. (त्या दिवसांत देवासच्या नळाला चार-चार दिवस पाणी यायचं नाही, आणि आम्ही किनाऱ्यावरून भांडत होतो!) मी लगेच पूर्वेच्या एका रॅपरची कॅसेट घेतली. तो जगात श्रेष्ठ आहे हे मी कॅसेट ऐकायच्या आधीच ठरवलं होतं. (त्याचं नाव मुद्दाम गाळतो. आमच्या घरगुती भांडणात त्या भल्या माणसाला ओढायचं काही कारण नाही.) शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे तो काय म्हणतो त्यातलं अक्षर मला कळायचं नाही. पण निष्ठा म्हणजे निष्ठा. मी कॅसेट थांबवून थांबवून त्याच्या एका गाण्याची सुरुवात वहीत देवनागरीत उतरवून काढली आणि आरतीसारखी पाठ केली.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, या प्रकारावर बेहद्द चिडायचे. "हा माणूस गातो आहे की लिलावात बोली लावतो आहे?" असं विचारायचे, आणि एकदा तर कॅसेट विहिरीत टाकायला निघाले होते.

कॉलेज संपलं, मी देवासच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो, आणि मुली बघणं सुरू झालं. सहा ठिकाणांहून मला नकार आला. सातवं स्थळ आमच्या गल्लीतल्या मालूआत्यांनी आणलं. ही त्यांची सख्खी भाची, मेधा, धारची. इंग्रजीत एमए आणि तिथल्याच शाळेत शिकवत होती. पहिल्या भेटीत तिने मला विचारलं, "वाचता काय?" मी खरं तेच सांगितलं, "कॅसेटची कव्हरं." ती हसली. हसताना तिने तोंडावर हात वगैरे धरला नाही, मोकळी हसली, आणि मी तिथेच खलास झालो. आठवडाभराने तिच्याकडून होकार आला, तेव्हा मला इतका आनंद झाला की कारखान्यात मी सगळ्या शिफ्टला चहा पाजला.

आता उरली होती फक्त बैठक. दोन्हीकडचे मोठे बसणार, तारीख-कार्यालय ठरणार, नारळ-साखर होणार. मालूआत्यांनी आम्हाला निघायच्या आधी एकच ताकीद दिली. "सगळं बोला, पण धार-देवास काढू नका. आमचे नाना फार कडवे आहेत. आणि अण्णा, तुमचंही मला माहीत आहे."

नाना म्हणजे मेधाचे वडील, मालूआत्यांचे थोरले भाऊ. त्यांचे पणजोबा धारच्या दरबारात नोकरीला होते. आमचे पणजोबा देवासच्या थोरल्या पातीकडे. (देवासला एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाहेरच्यांना हे समजावताना आमची दमछाक होते.) राज्यं जाऊन पन्नास वर्षं झाली, पण या दोन घरांना ते कोणी कळवलेलं नव्हतं.

त्या रविवारी आई, अण्णा, मालूआत्या आणि मी इंदूरला बस बदलून सकाळी अकराला धारला पोचलो. पहिला अर्धा तास सगळं इतकं गोड चाललं होतं की मला शंका यायला हवी होती. अण्णांनी धारच्या हवेचं कौतुक केलं. नानांनी देवासच्या देवीला दोन्ही हात जोडले. मालूआत्या दोघांच्या मध्ये बसून पोह्यांवर शेव वाढत होत्या आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या.

मेधाचा धाकटा भाऊ निखिल कॉलेजात होता. तो मला म्हणाला, "जिजाजी, चला, माझी खोली पाहून घ्या." जिजाजी म्हटल्यावर मी विरघळलो आणि मागोमाग गेलो. खोलीच्या भिंतीवर पश्चिम किनाऱ्याच्या रॅपरचं दाराएवढं पोस्टर होतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं "छान आहे" म्हणून पोह्यांकडे परतायला हवं होतं. पण दाराशी मेधा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि मला वाटलं, आपलं जगाचं ज्ञान दाखवायची हीच वेळ.

"हा बरा आहे," मी म्हणालो, "पण खरा बाप पूर्वेकडचा."

निखिलचा चेहरा उतरला. "भिया, काय बोलता? ईस्टवाल्यांचं तर आपल्याकडे कोणी नाव पण नाही घेत."

(जिजाजीचा भिया, म्हणजे नुसता भाऊ झाला, हे माझ्या लक्षात आलं नाही.)

"धारमध्ये घेत नसतील. देवासला लहान पोरं पण घेतात." हे साफ खोटं होतं. देवासला त्याचं नाव घेणारा मी एकटा होतो.

"एक लाइन तर म्हणून दाखवा त्याची."

आवाज ऐकून नाना, अण्णा, आई, आत्या, सगळे खोलीच्या दाराशी जमले. मला वाटलं, श्रोते जमले. मी घसा साफ केला आणि वहीतलं पाठांतर हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. मध्ये एकदा श्वास लागला, पण मी थांबलो नाही.

नानांनी मेधाकडे पाहिलं. "तू एमए आहेस. याचा अर्थ काय?"

मेधाचे कान लाल झाले होते. तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, तो गाणारा शेजाऱ्याच्या आईची चौकशी करतो आहे."

"चांगला मुलगा दिसतो," माझी आई म्हणाली.

"जरा रागात करतो आहे," मेधा म्हणाली आणि तांब्या ठेवून आत निघून गेली. पाच वर्षं मी जे आरतीसारखं म्हणत होतो ते नक्की काय होतं, हे मला त्या क्षणी अंदाजाने कळलं. मी पोस्टरकडे पाहत उभा राहिलो.

निखिलने मग त्याच्या पश्चिमवाल्याचं गाणं म्हटलं. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही. संपल्यावर नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "याला म्हणतात दम. शेवटी धार ती धार."

आणि अण्णांनी, ज्यांनी माझी कॅसेट विहिरीत टाकायला घेतली होती त्या अण्णांनी, एकदम छाती काढली. "नाना, माफ करा, पण पूर्वेकडच्याला तोड नाही. मी स्वतः पाच वर्षं ऐकतो आहे."

"अण्णा, तुमच्या ऐकण्याला आम्ही काय बोलणार? ज्यांना एक राजा पुरत नाही, त्यांना गाणारा कुठला पटायचा?"

"दोन होते, कारण आमची ऐपत होती दोन पोसायची."

"ऐपत? अर्धा रस्ता थोरल्यांचा, अर्धा धाकट्यांचा. म्हशीनेसुद्धा विचारून रस्ता ओलांडायचा."

"आमच्याकडे आज देशाच्या नोटा छापतात, नाना. तुमच्याकडे काय आहे?"

"आमच्याकडे मुलगी आहे," नाना म्हणाले, "आणि ती द्यायची की नाही याचा आता विचार करावा लागेल."

भांडता भांडता सगळे बाहेरच्या खोलीत परत आले होते. आईने हळूच पदर खोचला आणि चपला कुठे काढल्यात ते पाहून ठेवलं. पेढ्यांचं ताट समोर आलं होतं, ते स्वयंपाकघरात परत गेलं. त्या ताटाबरोबर माझा संसार आत चाललेला मला दिसत होता. ज्या दोन माणसांना इंग्रजीतला एक शब्द कळत नव्हता ती अमेरिकेवरून माझं लग्न मोडत होती, आणि काडी लावणारा मी होतो.

मालूआत्या उठल्या. हे स्थळ त्यांनी आणलं होतं. मोडलं असतं तर माहेरी आणि सासरी दोन्हीकडे तोंड दाखवायची सोय राहिली नसती. "खाली बसा सगळे," त्या म्हणाल्या. "एवढंच ना, की भराभर यमक कोण जुळवतं? मग ऐका." आणि पदर कमरेला खोचून त्यांनी एका दमात उखाणा घेतला.

"हाटातून आणली मक्याची कणसं,
कणसं सोलायला बसली माणसं,
माणसं म्हणाली, चहा टाका,
चहात आलं नाही, ओरडले काका,
काकांना दिली गुळाची ढेप,
ढेपेला मुंग्या, मुंग्यांची झेप,
झेपेत कलंडली ताकाची बरणी,
बरणीपायी राहिली शेतातली पेरणी,
पेरणी सोडून हसले दिगंबरराव,
तेव्हापासून घेते मी त्यांचंच नाव!"

तिसऱ्या ओळीला निखिलने शेवेचा डबा उलटा करून ताल धरला होता. शेव सगळी गादीवर. पण आत्या कुठे अडखळल्या नाहीत की दम घ्यायला थांबल्या नाहीत. संपलं तेव्हा मेधा आतल्या दारात येऊन उभी होती.

"आत्या," निखिल म्हणाला, "दोन्ही किनारे गेले कामातून. सबसे बडी तूच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा जीव भांड्यात पडला. आत्यांनी पेढ्यांसाठी आत हाक मारली.

"शेवटी धारची मुलगी आहे," नाना समाधानाने म्हणाले.

अण्णा पोह्यांचा चमचा खाली ठेवून म्हणाले, "धारची कशी? तीस वर्षं देवासचं पाणी पिते आहे."

"पाणी? चार दिवसांनी येतं ते?"

"उखाण्यात नाव कोणाचं आहे? दिगंबररावांचं. ते कुठले? देवासचे."

"अहो, पण यमक जुळवायची अक्कल तर माहेरून नेली ना तिने?"

आत्या "अरे, ऐका तरी" म्हणत होत्या, पण आता त्यांना कोण विचारतो? पेढ्यांचं ताट अर्ध्यात आलं आणि थबकलं. शेवटी नाना माझ्याकडे वळले. "मुलालाच विचारू या. यांनीच काढला ना विषय? सांगा, श्रीकांतराव. मालू कुठली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. धार म्हणावं तर अण्णा बस पकडणार. देवास म्हणावं तर मेधा गेली. मेधा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत मला वाटलं थोडी आशा होती. (ती आशा नव्हती, ती काळजी होती. हे तिने नंतर सांगितलं.) मी डोळे मिटले. आणि मला असं उत्तर सुचलं की ज्याने कोणाचाच अपमान होणार नव्हता. दोन्हींच्या अगदी मधलं.

"आत्या," मी म्हणालो, "इंदूरच्या म्हणता येतील."

नानांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नानांकडे पाहिलं.

"इंदूर?" नाना म्हणाले.

"इंदूर?" अण्णा म्हणाले. "कॉलेजं इंदूरला, डॉक्टर इंदूरला, कारखान्यांची ऑफिसं इंदूरला. आता मालूताई पण इंदूरला द्यायच्या?"

"बरोबर बोललात, अण्णा. आमच्याकडचं जे बरं निघतं ते तेच नेतात. वर म्हणतात, पोहे पण त्यांचेच."

"पोहे मुळात देवासचे."

"देवासचे, किंवा धारचे. पण इंदूरचे नाही!"

"अजिबात नाही."

नाना उठून अण्णांशेजारी येऊन बसले. पुढचा पाऊण तास दोघांनी इंदूरला जे काही ऐकवलं ते ऐकून माझ्या वहीतला रॅपरही बिचकला असता. पेढे आले, नारळ-साखर झाली, तारीख ठरली, कार्यालय धारचं ठरलं आणि आचारी देवासचा. या सगळ्यात मला कोणी एक शब्द विचारला नाही. फक्त मध्ये एकदा नानांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "अण्णा, हे लहानपणापासून असेच आहेत का?" आणि अण्णांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता तुमच्यापासून काय लपवायचं?"

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. श्रेष्ठ कोण यावर त्या दोन घरांत त्यानंतर एकदाही एकमत झालं नाही. मूर्ख कोण यावर मात्र त्या दिवशी जे झालं ते आजपर्यंत टिकून आहे, आणि ते मोडेल असं काही माझ्या हातून अजून घडलेलं नाही.