इंदुमतीबाईंचं नाक

बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत इंदुमतीबाई टेंब्यांच्या नाकाचा मोठा लौकिक होता. बदामाच्या नाही तर तिळाच्या तेलात गवती चहा, लॅव्हेंडर, गुलाब अशी सुगंधी तेलं मिसळून चेहऱ्याला आणि हातापायांना लावायचं तेल त्या घरीच करत. मोजमाप काही नव्हतं. थोडं ओतायचं, हुंगायचं, पुन्हा थोडं ओतायचं, आणि नाकाने ‘बस’ म्हटलं की थांबायचं. त्यांचे यजमान श्रीहरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. बायकोच्या नाकाचं कौतुक ते स्वतःचंच असल्यासारखं सांगत फिरायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण इंदुमतीबाईंना वास येणं बंद झालं ते झालंच. पोह्यांची फोडणी करपली तरी त्यांना धूर दिसेपर्यंत कळेना. गिऱ्हाइकं मात्र तेल मागतच होती. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि नाक गेल्याचं चारचौघांत सांगायला जीव धजेना. त्या अंदाजाने ओतू लागल्या आणि श्रीहरींना हुंगायला सांगू लागल्या. त्यांचंही नाक तापाने मंदावलेलं. ते म्हणायचे, अजून थोडं. त्या अजून थोडं ओतायच्या.

समोरच्या घरातली कस्तुरी, शाळेत शिकवणारी, हे तेल वर्षानुवर्षं लावत आलेली. एके दिवशी ऐन उकाड्यात ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून चाललेली दिसली. इंदुमतीबाईंनी हाक मारून विचारलं, तर ती टाळायला लागली. त्यांनीच ओढणी बाजूला केली. मान लालभडक झाली होती, पुरळ उठलं होतं.

त्या कस्तुरीला घेऊन तडक त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कस्तुरीला मलम दिलं आणि मग इंदुमतीबाईंना समजावलं. सुगंधी तेल झाडापानांचं आहे म्हणून ते सौम्य असतं असं नाही, उलट ते फार तीव्र असतं. नुसतं कधी लावायचं नाही, जास्त मिसळायचं नाही, आणि बाटली उघडून फार दिवस झाले की तेच तेल जास्त बाधतं.

परतताना इंदुमतीबाई म्हणाल्या, “कस्तुरी, तेलाला दोष देऊ नकोस. मला वास येत नाही, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.”

घरी येऊन त्यांनी तयार ठेवलेलं सगळं तेल टाकून दिलं. ज्यांनी नुकतं नेलं होतं त्यांच्या दारी जाऊन बाटल्या परत मागून आणल्या, आणि का ते प्रत्येक दारात सांगितलं. साठी उलटलेल्या बाईला हे सोपं नव्हतं. पुन्हा काम सुरू केलं ते ड्रॉपर घेऊनच. दोन मोठे चमचे साध्या तेलाला सुगंधी तेलाचे पाच थेंब, सहावा नाही. बाटलीवर ती उघडल्याची तारीख. लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल चेहऱ्यासाठी बंद, कारण ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. तान्ह्या बाळांसाठी कुणी मागितलं तर देत नसत, आणि गरोदर बाईला आधी तिच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगत. नव्या माणसाला आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून निदान एक दिवस थांबायला लावत. “काकी, आता पहिल्यासारखी खुशबू नाही राहिली,” असं म्हणून काही बायका आल्या तशा गेल्या. त्यांनी जाऊ दिलं.

गेल्या हिवाळ्यात परदेशीपुऱ्याच्या उषाताई मुलीला घेऊन आल्या. अनुश्रीचं लग्न ठरलं होतं, आणि तेलाचा घमघमाट मांडवभर पसरला पाहिजे अशी आईची हौस. इंदुमतीबाईंनी अनुश्रीच्या कोपराशी नेहमीचं गवती चहाचं तेल लावून दिलं. दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा होता.

“थोडंसंच तर लाल आहे, इतना तो चलता है,” उषाताई म्हणाल्या.

“कोपराशी एवढं, तर गालावर किती? नवरीच्या तोंडावर मी प्रयोग करणार नाही.”

“मग दुसरं काय देता?”

“काही नाही. नुसतं बदामाचं तेल लावा. तेसुद्धा आधी कोपराशी लावून बघा. बाजारात मिळतं, ताजं बघून घ्या.”

उषाताई तोंड फिरवून निघून गेल्या. आता आमंत्रण काही येत नाही, असं श्रीहरी म्हणाले.

आमंत्रण आलं. अनुश्री स्वतः घेऊन आली. लग्नात ती स्टेजवरून खाली उतरून इंदुमतीबाईंच्या पाया पडली. चेहरा नितळ होता. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंना तिने ओळख करून दिली, “या इंदुमतीकाकी. यांनी माझ्या चेहऱ्याला काहीच लावलं नाही.” सासूबाईंना काही उमगलं नाही, पण श्रीहरींची छाती फुगली. इंदुमतीबाईंचे डोळे भरून आले. पदराने ते टिपत त्या म्हणाल्या, सुखी राहा.

पुढच्याच महिन्यात अनुश्रीच्या ऑफिसातल्या तिघी मैत्रिणी घर शोधत आल्या. चहा झाला. दोघींच्या कोपरांना इंदुमतीबाईंनी तेल लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तिसरीच्या गालावर आधीच खाजरे चट्टे होते. तिच्यासाठी त्यांनी बाटलीला हातही लावला नाही. कस्तुरीला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि पोरगी शहरात नवी आहे हे कळताच चपला घालून तिला दवाखान्यापर्यंत सोडायला निघाल्या.