सगळ्यांच्या मापाची सायकल

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मला एका शाळेत बदली शिक्षिकेची जागा मिळाली. शाळा पार इतवारीच्या पलीकडे, हजर व्हायचं सकाळी सातला. लेडीज सायकल घ्या म्हटलं, तर हे म्हणाले, "एकटीसाठी काहून? सगळ्या घराले चालन अशी मीच बनवतो." हे कारखान्यात फिटर होते.

अंगणात खडूनं फ्रेमचं चित्र काढलं. माझ्या लुगड्यासाठी वरचा दांडा खाली वाकवला. मागचा भाग लांब केला, पिठाचा डबा ठेवा नाहीतर सासूबाईंना बसवा. सीट वरखाली होणारी. सगळ्यांच्या पायांची मापं घेतली. माझं माप सासूबाईंनी दोऱ्यानं घेऊन यांना दिलं, कारण घरच्यांसमोर नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात कसा लावायचा? महिनाभर भट्टी पेटवून पितळेनं सांधे जोडले. सायकल सुरेख झाली, हे मी आजही मान्य करते.

पण सगळ्यांची म्हणजे कोणाची? पहाटे दीर ती आखाड्यात न्यायचा आणि साडेसातला उगवायचा. मी तीनदा उशिरा पोचले. चौथ्यांदा झालं तर येऊ नका, असं मोठ्या बाईंनी बजावलं. घरी सांगितलं तर दीर हसला, "वहिनी, लवकर निघत जा ना पायी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या संध्याकाळी मी सीट दांडीसकट उपसली आणि तांदळाच्या कोठीत पुरली. शाळेला निघताना काढू, असा बेत. पण पहाटे दिरानं चोर चोर म्हणून घर उठवलं. यांनी रिकाम्या नळीवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसले. "महिनाभर राबलो गा मी," एवढंच भावाला म्हणाले. डोळे भरले होते. मला तोंड उघडवेना.

मी पायीच धावत गेले. पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. मोठ्या बाईंनी माझ्या हातून हजेरीपट काढून घेतला.

परतले तर अंगणात भट्टी पेटलेली. यांनी नवी सीट आणून तिची दांडी फ्रेमलाच कायमची जोडली होती, स्वतःच्या मापाला.

"बसून पाह्य वं. आता कोणाच्या बापाले निघत नाही."

बसले. पाय पायडलला पोचेनात. मग मी नोकरी गेल्याचं सांगितलं.

यांनी भट्टीवर पाणी ओतलं. "मंग जाऊ दे," म्हणाले, "तुले आता सायकल लागतच नाही."

मी कोठीतून रात्रीचे तांदूळ काढायला आत गेले.