मामांचा पट्टा

माझ्या कळसच्या मामांइतका रक्तदाबाला मान देणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल. लोक पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मामा आधी दंडाला पट्टा बांधतात. "बोलू नका, पाय खाली टेका," असा दम भरून ते यंत्राकडे दहावीच्या निकालासारखे बघत बसतात. याला कारण आहे. त्यांचे वडील आणि थोरला भाऊ, दोघंही याच दुखण्यानं गेले. भाऊ तर छप्पन्नाव्या वर्षी, उसाला पाणी देता देता. तेव्हापासून मामांनी ते वय मनात धरून ठेवलं होतं.

मुलीच्या लग्नाच्या बैठकीत इतर मंडळी मानपानाचं बोलत होती आणि मामांनी कळंबच्या व्याह्यांना विचारलं, "तुमच्यात बीपी कुनाला हाय?" व्याही गांगरले. मामांनी भर बैठकीत त्यांना पट्टा बांधला. दाब कमीच निघाला. मामा हरखून म्हणाले, "आमचा चढता, तुमचा उतरता. नातवंडं मधल्या दाबाची निघतील!" मामींनी कपाळाला हात लावला, पण लग्न ठरलं.

गंमत अशी, की स्वतःचा दाब मोजायचा म्हटलं की पट्टा बघूनच मामांची छाती धडधडायला लागते. त्यानं आकडा वाढतो, तो बघून मामा घाबरतात आणि आकडा आणखी वाढतो. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि समजावलं, "दुखणं घराण्यातलं आहे हे खरं, पण तुमच्या नसाही जरा कुठं खुट्ट झालं की लगेच ताणल्या जातात. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसत जा." मामांनी घरी येऊन जाहीर केलं, "वारसा निस्त्या दाबाचा न्हाय, धसक्याचाबी हाय." त्याच दिवशी शिट्टीवाला कुकर परसात गेला. शिवाय नियम झाला, की घरात काहीही सांगायचं तर आधी 'सगळी बरी हायत' म्हणायचं. म्हैस व्याली तरी "सगळी बरी हायत, म्हैस व्याली." मी या नियमावर फार हसायचो. पुढं मामींनी सांगितलं, की भाऊ पडला तेव्हा बांधावरून कुणीतरी ओरडत आलं होतं, आणि मामा जेवत होते. मग मला हसू येईना.

गेल्या महिन्यात मामा भावाच्या वयापेक्षा एका दिवसानं मोठे झाले. मी पेढे घेऊन गेलो. मामा भावाच्या फोटोखाली बसले होते.

"आता मी दादापरास मोठा झालो रं," ते म्हणाले. "त्याला दादा कसं म्हनू?"

मामांनी सवयीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प बसलो. मग त्यांनी बटण दाबलं. आकडा चांगलाच वर गेला होता. माझी आई त्यांचीच बहीण, तेव्हा नवल काहीच नव्हतं, तरी माझं तोंड उतरलं. मामा घाबरले नाहीत. "सगळी बरी हायत," ते हळू म्हणाले. "उद्या बारामतीला जाऊ." आणि पट्टा सोडता सोडता म्हणाले, "तू माज्यापरास म्हातारा हो."

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "सगळी बरी हायत. गोळी घेतलीस का?"

कधी कधी मी विसरलेलो असतो. "घेतली मामा," म्हणतो, आणि फोन ठेवून आधी गोळी घेतो.