मामांची पहिली भाषा

"आपला काय संबंध?" हे वाक्य मामा दिवसातून दहा वेळा म्हणायचे आणि म्हणताना हातातलं फडकं झटकून खांद्यावर टाकायचे. साहेबांची बदली झाली? आपला काय संबंध? निवडणूक लागली? आपला काय संबंध? एकदा तर त्यांच्याच रजेचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हाही ते हेच म्हणाले आणि चहाचे कप गोळा करून निघून गेले.

तुमच्या कार्यालयातही असा एक शिपाई असेल. नाव सेवापुस्तकात, बाकी सगळ्यांसाठी मामा. आमचं कार्यालय तालुक्याच्या शिक्षण विभागाचं. मी तिथे आस्थापना बघायची, म्हणजे सगळ्यांच्या रजा, बढत्या आणि सेवापुस्तकं माझ्या कपाटात. कुठली फाईल कुठल्या गठ्ठ्यात हे मात्र मामांना ठाऊक. आम्ही त्यांच्यावर अवलंबून होतो आणि त्यांची थट्टाही करायचो.

थट्टा त्यांच्या बोलण्याची. इथली माणसं बोलताना हेल काढतात, शब्द अर्धे गिळतात. मामा आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे बोलायचे. आमचा संगमेश्वराकडचा लिपिक मुद्दाम ओरडायचा, "मामानू, पानी गरम झाला काय?" आतून शांत उत्तर यायचं, "पाणी तापते आहे. पाच मिनिटे थांबा." आम्ही हसायचो. एवढी शुद्ध भाषा या माणसाने कुठून आणली, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग वरून एक पत्र आलं. आदिवासी मुलांना पहिली-दुसरीत त्यांच्या घरच्या भाषेतून शाळेची गोडी लावायची. कातकरी मुलांसाठी चित्रांची पुस्तिका करायची आहे, तरी ती भाषा अस्खलित बोलणारी व्यक्ती पंधरा दिवसांत सुचवावी. मी नेहमीप्रमाणे सगळ्या शाळांना पत्रं काढली. ती वाटायला मामा गेले. उत्तरं आली, तीही मामाच घेऊन आले. सगळ्यांवर एकच शब्द होता, 'निरंक'. सरकारी भाषेत शून्याला निरंक म्हणतात. एका मुख्याध्यापकांनी तर खाली लिहिलं होतं की आमच्या वाडीवरची मुलं आता चांगली मराठी बोलतात, त्यामुळे ही अडचण उरलेली नाही.

आणि मामांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर, जमातीच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात 'कातकरी' असं लिहिलेलं होतं. मला ते वर्षानुवर्षं माहीत होतं. चौदाव्या दिवशी मी त्यांना बाजूला बोलावून विचारलं.

"मला ती भाषा येत नाही, मॅडम," मामा म्हणाले. "आपला काय संबंध?"

मी पुढे विचारलं नाही, कारण मला एक जुनं स्नेहसंमेलन आठवलं. आमच्यातल्या एकाने बाजारात येणाऱ्या कातकऱ्यांची नक्कल करून दाखवली होती. आम्ही पोट धरून हसलो होतो. मामा तेव्हा बटाटेवड्याच्या बश्या वाटत होते आणि तेही बेताचं हसले होते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी हसले होते.

माणूस मिळाला नाही म्हणून काम थांबत नाही. बाहेरच्या एका तज्ज्ञाने कुठून कुठून शब्द जमवून पुस्तिकेचा कच्चा मसुदा केला आणि तो मुलांसमोर वाचून बघायला आम्ही सावर्ड्याच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. जीपमध्ये साहेब, तज्ज्ञ, मी आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला मामा. शाळेच्या एका खोलीत मुलं रांगेत बसवलेली. तज्ज्ञ मोठ्याने वाचू लागले. मुलं नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

दारात एक म्हातारी उभी होती. तिने थोडा वेळ ऐकलं आणि मग आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

खोलीत एकच माणूस खो खो हसला. मामा.

हसून झाल्यावर त्यांना कळलं की आपण हसलो. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या. म्हातारी त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलली. मामांनी मराठीत उत्तर दिलं, "नाही आजी, मी साहेबांबरोबर आलो आहे." ती नुसती बघत राहिली. मग मामा बोलले. एक वाक्य, दुसरं वाक्य, मग थांबेनातच. आवाज वेगळा, हात वेगळे. इतक्या वर्षांत मी त्यांना हात हलवून बोलताना पाहिलं नव्हतं. मुलं रांग मोडून त्यांच्याभोवती गोळा झाली. ते शब्द मी इथे देत नाही. मला ते आले नाहीत आणि अंदाजाने लिहिलेले मामांना आवडले नसते.

परतताना साहेब पुढे झोपले. मागे मामा माझ्याशी बोलले, पुन्हा त्याच बातम्यांच्या मराठीत. "नोकरीच्या पहिल्या वर्षी आई कार्यालयात आली होती, मॅडम. शेतातले मुठे, म्हणजे छोटे खेकडे, पकडून पानात बांधून आणले होते. दारातून तिने मला आमच्या भाषेत हाक मारली. तेव्हाच्या मोठ्या बाबूंनी विचारले, कोण ही? मी म्हणालो, गावाकडची बाई आहे, आपला काय संबंध? तिला मराठी कळत होती."

"मग?"

"मुठे दिले आणि गेली. परत कधी कार्यालयात आली नाही. गावच्या घरी मात्र आम्ही बोलायचो. ती वारल्यापासून मी कुणाशी बोललो नव्हतो. आज बोललो."

त्यानंतर पुस्तिकेच्या कामात मामांनी सगळ्यांना जेरीस आणलं. एका चित्रात खेकडा होता, त्यावर अख्खी दुपार गेली. "हा खाडीतला आहे. आमची मुले हा ओळखणार नाहीत. शेतातला काढा." तज्ज्ञ म्हणाले, खेकडा तो खेकडा. मामा उठले, कागद घेतला आणि स्वतः मुठा काढला. तो इतका वाईट होता की सगळे हसले, पण छापताना शेतातलाच खेकडा छापला गेला.

निवृत्त झाल्यावर दर शनिवारी ते एसटीने त्या वाडीवर जायचे आणि अंगणवाडीत मुलांशी गप्पा मारत बसायचे. सगळ्यांना ते आवडलं असं समजू नका. एका बापाने त्यांना तोंडावर सुनावलं, "तू मराठी बोललास म्हणून हापिसात बसलास. आमच्या पोरांना मागं कशाला नेतोस? त्यांना इंग्रजी शिकव." मामांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्या बापावर चिडले. मामा म्हणाले, "त्याचे बरोबर आहे." तरी पुढच्या शनिवारी ते गेलेच.

पण घरी? त्यांची एकुलती एक मुलगी दापोलीहून शेतकीची पदवी घेऊन आली होती. हुशार, मोकळी मुलगी. तिला या भाषेतला एक शब्द येत नव्हता. मी मामांना विचारलं, वाडीवरच्या पोरांना शिकवता आणि हिला का नाही? ते म्हणाले, "लहानपणी मीच तिच्यापासून लपवली. आता कोणत्या तोंडाने शिकवू? तिने विचारले तर सांगेन." पुढे बाजारात मुलगी भेटली. तिला विचारलं तर म्हणाली, "मला खूप शिकायचंय, मॅडम. पण बाबांना त्याचा त्रास होत असेल. ते आपणहून बोलले तर बरं." मी दोघांचं ऐकलं आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला मध्ये पडा, असं मला वाटलं. आयुष्यात मी पुष्कळ पत्रं वेळेत पोचवली. हा एवढा निरोप राहिला.

मामा एका सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता गेले. मी पोचले तेव्हा वाडीवरच्या बायका येऊन बसल्या होत्या. त्या रडत होत्या आणि रडता रडता मामांशी बोलत होत्या. एकेक जण पुढे सरकून त्यांना काहीतरी सांगत होती, कुणी रागावत होती, कुणी विनवत होती. मुलगी माझ्याजवळ आली.

"मॅडम, काय म्हणतायत त्या?"

त्या पुस्तिकांचे गठ्ठे माझ्या हातून शाळांना गेले होते. मला त्यातलं एकही वाक्य कळत नव्हतं. "मला नाही गं येत," मी म्हणाले.

ती वळली. मग त्या बायकांत जाऊन बसली आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला मराठीत म्हणाली, "मलापण बाबांशी बोलायचंय. कसं म्हणायचं ते सांगा."

बाईने रडणं थांबवलं, पदराने तोंड पुसलं आणि एक लहानसं वाक्य म्हटलं. मुलीने ते म्हटलं. बाईने मान हलवली, नाही. पुन्हा सावकाश म्हटलं. मुलीने पुन्हा म्हटलं. अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि कुणीतरी उशीर होतोय म्हणून आत डोकावलं. बाईने त्याला हाताने थांबवलं. तिसऱ्यांदा मुलीने ते वाक्य बापाच्या चेहऱ्याकडे बघत म्हटलं. या वेळी बाईने मान हलवली नाही. तिने मुलीचा हात धरला आणि मामांच्या छातीवर ठेवला.