हवालदारांची चुरमुऱ्यांची लाईन

महिपती हवालदारांकडे खायला बोलावणे आले, की आम्ही कुंडलची माणसे पोटाआधी कान सांभाळत असू. तिथे पान वाढत नसत, हुकूम सोडत. "फालिन! एकामागं एक! चुरमुरं घ्या, फुडं सरका!" या आवाजाने ओढ्यापलीकडचे बैलसुद्धा रांगेत उभे राहत. एकदा तर अख्खी वरात चुकून त्यांच्या अंगणात वळली आणि खाऊन गेली. शपथेवर सांगतो, नवरदेवाने दोनदा घेतले.

अंगणात लांबलचक फळी. तिच्यावर चुरमुऱ्यांची पाटी, मग शेंगदाणे, डाळे, कांदा, कैरी, लसणीची चटणी, तेल आणि शेवटी मीठ. ज्याने त्याने हातात पितळी घ्यायची आणि आपले आपण कालवायचे. ज्या गावात 'पुरे' म्हणायला पानावर दोन्ही हात आडवे घालावे लागतात, तिथे आग्रह न करणे म्हणजे बंडच! कुणी कुरकुरले, की हवालदार म्हणत, "गड्या, त्वांड तुझं, जीभ तुझी. मी मदी कशाला?"

खरे कारण मला ठाऊक होते. मी शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. महायुद्धात हवालदार पलटणीचे लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. (हवालदार त्यांना गावाने केले, सरकारला पत्ताही नव्हता.) तिकडे त्यांना कसलासा ताप आला आणि उतरताना जिभेची चव घेऊन गेला. एकदा राखुंडीशी भाकरी खाऊन 'चटणी झकास' म्हणाले. त्यांच्या बायकोने, तानूवहिनींनी, मला बजावले होते, "मास्तर, कुटं बोलू नगासा. लांगऱ्याला चव न्हाई म्हंजे पैलवानाला हात न्हाईत. गाव जगू द्याचं न्हाई त्यास्नी." म्हणून ही लाईन. हवालदार टोकाला उभे राहून खाणाऱ्यांची तोंडे बघत. डोळे मिटले, की समजायचे, जमले.

अशात त्यांच्या शेवंताला बघायला कडेगावचे दौलतआप्पा आले, मुलाचे वडील. मुलगी पसंत पडली. हवालदारांनी 'फालिन'साठी छाती भरली, तोच आप्पांनी घोंगडीवर मांडी ठोकली. "आवं, लाईन गावाला. आख्खी पलटण जेवू घातल्यालं हात तुमचं! आज तुमीच कालवा, न्हाईतर आमी असंच उठतो."

हवालदारांचा चेहरा शत्रूची फौज बघूनही झाला नसेल असा झाला. दाराआड तानूवहिनी, त्यांच्यामागे शेवंता. हवालदारांनी परात ओढली. कांदा, तेल, चटणी. मग मिठाची एक मूठ. त्यांनी हळूच कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे पाहिले. मी 'नको' म्हणून मान हलवली. त्यांना वाटले, मी 'कमी' म्हणतोय. दुसरी मूठ पडली. मी जिवाच्या आकांताने मान हलवली. तिसरी पडली.

आप्पांनी घास घेतला आणि त्यांच्या मिशा आपोआप वर गेल्या. डोळ्यांतून पाट वाहिले. ते पाणी खारट नसते, तर एकरभर ऊस निघाला असता! कसाबसा घास गिळून त्यांनी पागोटे डोक्यावर ठेवले.

"येतो हवालदार."

"आवं, का वो?"

"समजलं की. पोरगी द्याची नव्हती तर त्वांडानं सांगायचं. मिठानं कशाला सांगता?"

दाराआड शेवंताने तोंडात पदर कोंबला. हवालदारांनी ते पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला.

"आप्पा, बसा. मला चवच न्हाई. तीन वर्सं झाली. मीठ का साखर, कळत न्हाई."

आप्पा असे हसले, की पाटीतले चुरमुरे उडाले. "आरं मर्दा, मग आदी सांगायचं न्हाई व्हय? हितं मी समुद्र गिळून बसलोय! पाणी आणा!" तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी त्याच परातीत आख्खी पाटी ओतली आणि बाह्या सारून स्वतः कालवायला बसले.

लग्न झाले. गाव आठवडाभर हसले आणि थकले. पुढे आप्पा आले, की हवालदारांशेजारी बसत, एक घास खात आणि मोठ्याने सांगत, "व्याही, कांदा आज लय ग्वाड हाय."

हवालदार सावकाश चावत, कपाळाला आठ्या घालत आणि म्हणत, "ह्यो कुटला ग्वाड? मागल्या खेपंचा जास्त ग्वाड हुता."