लग्न नको म्हणून सिस्टर

मंडळी, आज शाळा सुटल्यावर दहावीतल्या एका मुलीचे वडील तिला घेऊन तडक माझ्याकडे आले.

"सिस्टर, पावणं बघायला येणारेत अन् ही म्हणती, लगीन नाय करायचं, तुमच्यासारखी सिस्टर व्हायचंय. तुमी शिकवता तरी काय हिला?"

"बीजगणित," मी म्हटलं.

मग तिला विचारलं, "खरंच नन व्हायचंय तुला?"

"नाय सिस्टर. अकरावीला सायन्स घ्यायचंय. घरी दोनदा सांगितलं, पण कुणी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाय."

अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न लावलंत तर तक्रार मीच करीन, असं मी वडिलांना सांगितलं. "बघतो," म्हणून ते गेले.

मुलीचं 'मला शिकायचंय' घरात ऐकू जायला माझा झगा मध्ये का आणावा लागतो?